कॅथलॅबमध्ये पूर्ण भूल टाळून खोल गुंगी चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या एका इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी विचारलंय: यकृतातल्या गाठींचं ॲब्लेशन (सुईतून उष्णता देऊन गाठ जाळणं), पीटीबीडी (तुंबलेल्या पित्तनलिकेत कातडीतून नळी टाकणं), एम्बोलायझेशन (रक्तवाहिनी आतून बंद करणं), व्हर्टिब्रोप्लास्टी (मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरणं) या कामांना दरवेळी जनरल ॲनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल, द्यायलाच हवा का? डीप सिडेशनवर, म्हणजे खोल गुंगीवर, भागत असेल तर वेळ वाचतो. नातेवाईकही ‘पूर्ण भूल नको, नुसती गुंगी द्या’ म्हणून मागे लागतात. शिवाय गावात भूलतज्ज्ञ मोजकेच, त्यांची वेळ जुळवणं कठीण. मग कुठे चालेल, कुठे नाही आणि तयारी काय लागते?

डॉक्टर, मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझा बराचसा दिवस हल्ली ऑपरेशन थिएटरऐवजी कॅथलॅब (एक्स-रेच्या पडद्यावर बघत रक्तवाहिन्यांत काम करायची खोली) आणि सीटीच्या खोलीत जातो. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो. चालेल, बऱ्याच केसेसमध्ये छान चालेल. पण तुमच्या तीन कारणांपैकी तिसरं कारण खरं असेल, म्हणजे भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून डीप सिडेशन करायचं असेल, तर अजिबात चालणार नाही. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी असते आणि श्वास आमच्या ताब्यात असतो. खोल गुंगीत औषधं जवळपास तीच, रुग्ण जवळपास तितकाच बेशुद्ध, पण श्वासाचा रस्ता मात्र उघडा आणि बेभरवशाचा. म्हणजे भूलतज्ज्ञाची गरज इथे कमी होत नाही, उलट त्याला एक क्षणही नजर हलवता येत नाही.

गुंगीच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, तरी पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे म्हणून सांगतो. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सने १९९९ मध्ये त्या चार टप्प्यांत मांडल्या: हलकी, मध्यम, खोल आणि पूर्ण भूल. मध्यम गुंगीतला रुग्ण हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की डोळे उघडतो, सांगितलेलं करतो. खोल गुंगीतला रुग्ण पुन्हा पुन्हा हलवलं किंवा चिमटा काढला तरच हेतुपूर्वक हालचाल करतो, म्हणजे चिमटा काढणारा हात बाजूला सारतो. नुसता हात झटकन मागे घेतला तर तो प्रतिसाद धरायचा नाही. तो पूर्ण भुलीत गेलेला आहे. खोल गुंगीत श्वास अपुरा पडू शकतो, जीभ मागे पडून रस्ता बंद होऊ शकतो. रक्तदाब सहसा टिकतो.

व्यवहारात हा खोल गुंगीचा पट्टा फार अरुंद आहे. प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या गुंगीच्या औषधाच्या दोन मिलीने रुग्ण त्यातून खाली घसरतो, एका सुईच्या टोचणीने वर येतो. म्हणून नियम असा की जो जितकी गुंगी देणार, त्याला त्याच्या पुढच्या पायरीवरून रुग्णाला परत आणता आलं पाहिजे. मध्यम गुंगी देणाऱ्याला खोल गुंगी सांभाळता यायला हवी, आणि खोल गुंगी देणाऱ्याला पूर्ण भूल. सुई हातात धरून स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला हे एकाच वेळी जमणं शक्य नाही, तो कितीही हुशार असो. सिस्टरांनी ‘सर, किती देऊ?’ विचारायचं आणि तुम्ही ‘अजून दोन द्या’ म्हणायचं, ही पद्धत प्रोपोफॉलच्या बाबतीत तर बंदच करा. त्याला उतारा नाही. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, फेंटानिल या वेदनाशामकाला नॅलॉक्सोन आहे. प्रोपोफॉल दिलं की ते उतरेपर्यंत श्वास आपणच द्यायचा. अमेरिकेत भुलीसंबंधीच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यात थिएटरबाहेरच्या दाव्यांमध्ये गुंगीच्या केसेसचं प्रमाण मोठं निघालं आणि नुकसानीचं मुख्य कारण निघालं श्वास अपुरा पडणं. नीट लक्ष ठेवलं असतं तर त्यातलं बरंच टळलं असतं, असंही तपासणाऱ्यांचं मत पडलं.

आता मुद्द्यावर येतो. गुंगी की पूर्ण भूल हे ठरवताना बहुतेक जण ‘दुखतं किती’ एवढंच बघतात. माझ्या मते रेडिओलॉजीच्या खोलीत पहिला प्रश्न दुसरा असायला हवा: तुम्हाला श्वास थांबवून हवा आहे का?

पोटातलं डीएसए, म्हणजे फक्त रक्तवाहिन्या दाखवणारी एक्स-रे तपासणी, घ्या. आधीची साधी मास्क इमेज आणि नंतरची कॉन्ट्रास्टची (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेल्या औषधाची) इमेज यांची वजाबाकी होते. मधे रुग्ण हलला की चित्र फिसकटतं. म्हणून तुम्ही ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणता. जागा किंवा मध्यम गुंगीतला रुग्ण ते ऐकतो. पूर्ण भुलीत नळी टाकलेली असेल तर मी व्हेंटिलेटर वीस-तीस सेकंद थांबवतो आणि तुम्हाला दगडासारखं स्थिर पोट मिळतं. खोल गुंगीत मात्र यातलं काहीच मिळत नाही. रुग्ण ऐकत नाही आणि त्याचा श्वास माझ्या हातात नाही. त्यातून तो घोरायला लागला तर आणखी पंचाईत. वरचा रस्ता अर्धवट बंद होतो, छाती आत जाते आणि पोट बाहेर येतं, डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) जास्त जोराने खेचला जातो. एरवी शांत श्वासात यकृत एक-दोन सेंटिमीटर वरखाली होतं, ते आता अनियमित आणि जास्त हलायला लागतं. यकृताच्या सेगमेंट आठमध्ये, म्हणजे उजवीकडच्या वरच्या भागात, डायफ्रॅमखाली दोन सेंटिमीटरची गाठ आहे आणि तुम्ही सीटीवर सुई लावताय, तर हे घोरणं तुमचा शत्रू आहे. अशा गाठीला मी सरळ पूर्ण भूल देतो, नळी टाकून, छोट्या श्वासांवर, आणि प्रत्येक स्कॅन श्वास सोडल्यावरच्या त्याच ठिकाणी थांबवून. एरवी गुंगीत तासभर सुई पुढे-मागे होणार असेल तर वेळ वाचला कुठे?

म्हणून माझा ढोबळ हिशोब असा. रुग्णाच्या सहकार्याची गरज आहे आणि दुखणं लोकलने (तेवढीच जागा बधिर करून) झाकता येतं, तिथे मध्यम गुंगी पुरे. संपूर्ण स्थैर्य हवं, किंवा श्वासाचा रस्ता धोक्यात आहे, तिथे पूर्ण भूल. यांच्या मधे, जिथे दुखणं लोकलच्या बाहेर जातं, काम तासाभराच्या आत आटपणारं आहे, रुग्ण उताणा आहे, पोट रिकामं आहे, मान आणि जबडा बरा आहे आणि थोडं हललेलं चालणार आहे, तिथे खोल गुंगी. ही जागा छोटी आहे, पण तुमच्या रोजच्या यादीतल्या बऱ्याच केसेस तिथेच बसतात.

यकृताच्या उजव्या भागातल्या, डायफ्रॅमपासून लांब असलेल्या गाठीचं मायक्रोवेव्ह ॲब्लेशन हे या जागेचं उत्तम उदाहरण. अशी एक केस कशी चालते ते जवळून सांगतो. साठ किलोचा, साठीचा, सिऱ्होसिसचा (यकृत कडक होऊन निकामी होत गेलेला) रुग्ण. सोनोग्राफीवर सुई लावायची आहे. मिडाझोलाम मी देत नाही. यकृत आधीच खालावलेलं, एन्सेफॅलोपॅथीला (यकृत बिघडल्याने येणाऱ्या भ्रमाला) आमंत्रण कशाला? पेंटाझोसिन-प्रोमेथाझिनची जुनी जोडी अजूनही काही एक्स-रे विभागांच्या कपाटात असते, तीही नको. तिचा असर लांबतो आणि किती लांबेल हे सांगता येत नाही. फेंटानिल २५-२५ मायक्रोग्रॅम करून साधारण ५० पर्यंत. मग प्रोपोफॉल इन्फ्युजन पंपावर, मिनिटाला किलोमागे ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. साठ किलोला हे एक टक्का प्रोपोफॉलचे तासाला १८ मिली होतात. सुरुवात याच्या निम्म्याने करतो आणि वाट बघतो. वयस्क आणि अशक्त रुग्णात औषध मेंदूपर्यंत पोहोचायला मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढा धीर न धरता दुसरा डोस दिला की दोन्ही डोस एकदम चढतात.

सुई घालण्याआधी तुमचं काम येतं, आणि ते माझ्या सगळ्या औषधांपेक्षा मोठं आहे. बधिर करणारं लिग्नोकेन नुसतं कातडीखाली देऊन थांबू नका. सोनोग्राफीखाली सुई यकृताच्या आवरणापर्यंत न्या आणि तिथे सोडा, कारण सगळ्यात जास्त वेदना आवरण आणि पेरिटोनियमची (पोटाच्या आतल्या अस्तराची) असते. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम, साठ किलोला २७० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचे साडेतेरा मिली. एक टक्का करून घेतलंत तर दुप्पट आकारमान मिळतं आणि ते पसरतंही छान. लोकल दिल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं न थांबणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांना मला जास्त औषध द्यावं लागतं, हे मी रोज बघतो.

मग ॲब्लेशन सुरू होतं आणि खरी कसोटी लागते. उष्णता चालू असताना वेदना शिगेला जाते. रुग्ण कण्हतो, हात हलवतो, नाडी वाढते. अशा वेळी प्रोपोफॉल वाढवत नेण्याचा मोह होतो. प्रोपोफॉलने वेदना कमी होत नाही, फक्त रुग्ण खोल जातो. मी त्या क्षणाच्या एखादं मिनिट आधी वेदना मारणारं केटामिन देतो, किलोला पाव ते अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे १५ ते ३० मिलिग्रॅम. श्वास टिकतो, रक्तदाबाला आधार मिळतो. लाळेसाठी आधी ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम. केटामिन आणि प्रोपोफॉल एकाच सिरिंजमध्ये मिसळणं मला पटत नाही. एकाची गरज वाढली की दुसरंही विनाकारण जातं.

पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट याच्या पुढची आहे. मायक्रोवेव्ह बंद केल्यावर दोन मिनिटांत दुखणं ओसरतं. वेदना हीच रुग्णाला जागं ठेवत होती आणि श्वास घ्यायला लावत होती. ती गेली, औषध मात्र रक्तात तेवढंच आहे. श्वास थांबतो तो नेमका इथे, सगळे जण ग्लोव्हज काढत असताना आणि खोलीतले दिवे लागत असताना. म्हणून शेवटचं ॲब्लेशन संपायला दोन-तीन मिनिटं उरली की मला सांगत जा. मी पंप तेव्हाच बंद करतो, नंतर नाही.

डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाबद्दल नेहमी विचारणा होते. चांगलं औषध आहे. श्वास फारसा दाबत नाही, रुग्ण झोपल्यासारखा राहतो आणि हाक मारली की उठतो. दहा मिनिटांत किलोला एक मायक्रोग्रॅम, मग तासाला किलोमागे ०.२ ते ०.७. पण एकट्याने ते खोल गुंगी देत नाही, दहा मिनिटांचा लोडिंग डोस घाईच्या यादीत कोणाला नको असतो, आणि नाडी चाळीसवर आली की सगळ्यांचे चेहरे बदलतात. नाडी मंदावणाऱ्या बीटा-ब्लॉकरवर असलेल्या सिऱ्होटिक रुग्णात मी जपून वापरतो आणि लोडिंग डोस बहुतेक वेळा टाळतो. जिथे रुग्ण मधे मधे जागा हवा, उदाहरणार्थ मणक्याजवळचं काम, तिथे मला ते फार आवडतं.

आता तुमच्या यादीतली बाकीची कामं. पीटीबीडीला ट्रॅक मोठा करताना आणि बरगड्यांमधून जाताना सणकून दुखतं. खोल गुंगी उपयोगी, पण रुग्ण बऱ्याचदा कोलँजायटिसने (पित्तनलिकेतल्या जंतुसंसर्गाने) तापलेला आणि सेप्सिसच्या उंबरठ्यावर असतो, प्रोपोफॉलने रक्तदाब कोसळतो. तिथे केटामिनचा वाटा जास्त ठेवायचा, इंटरकॉस्टल ब्लॉक (बरगड्यांमधल्या नसा बधिर करणं) द्यायचा आणि रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रेनालिन तयार ठेवायचं. गर्भाशयाच्या फायब्रॉइडच्या एम्बोलायझेशनला करताना फारसं दुखत नाही, दुखतं ते नंतर, रक्तपुरवठा तुटल्यावर कितीतरी तास. त्या बाईंना टेबलावर खोल झोपवून काय साधणार? तिची वेदना संध्याकाळी वॉर्डात आहे. तिथे मध्यम गुंगी, तुम्हाला येत असेल तर सुपीरिअर हायपोगॅस्ट्रिक नर्व्ह ब्लॉक (गर्भाशयाच्या नसा बधिर करणं), आणि वॉर्डासाठी पीसीए पंप (रुग्णाने स्वतः बटण दाबून वेदनाशामक घ्यायचा).

रक्ताच्या गुळण्यांसाठी ब्राँकियल आर्टरी (श्वासनलिकांची रक्तवाहिनी) एम्बोलायझेशन, ज्याचे जुन्या टीबीचे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ येतात, तिथे खोल गुंगी मुळीच देऊ नका. त्या रुग्णाचा खोकला हेच त्याचं संरक्षण आहे. ते काम तसंही जवळजवळ न दुखणारं. जांघेत लोकल, हातात हात धरून बोलणारं कोणीतरी, लागलंच तर फेंटानिल २५. आणि रक्त जास्त येत असेल, सॅच्युरेशन टिकत नसेल, तर आधी नळी, मग एम्बोलायझेशन. मधला रस्ता तिथे नाही. टिप्ससाठीही (यकृतातून रक्ताला नवी वाट करून देण्याच्या कामासाठी) माझी पसंती पूर्ण भुलीलाच. काम लांबतं, जलोदराने पोट फुगलेलं असतं, पोटात नुकताच रक्तस्राव झालेला असतो, म्हणजे उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा. ॲड्रिनल ग्रंथीजवळचं ॲब्लेशन असेल तर पूर्ण भूल आणि आर्टेरियल लाइन (रक्तदाब सतत दाखवणारी धमनीतली नळी). रक्तदाब अचानक दोनशेच्या वर जाऊ शकतो. लहान मुलांत अल्कोहोलने स्क्लेरोथेरपी (सदोष रक्तवाहिन्या औषध टोचून बंद करणं) करायची असेल तर तीच गोष्ट, पूर्ण भूल.

व्हर्टिब्रोप्लास्टी आणि पाठीमागून करायच्या बायोप्सी पालथ्या रुग्णात होतात. पालथ्या रुग्णात खोल गुंगी म्हणजे जबड्यापर्यंत हातही नीट पोहोचत नाही. तिथे मी मध्यमच्या पुढे जात नाही, आणि स्ट्रेचर खोलीबाहेर न्यायला देत नाही. श्वास थांबला तर रुग्णाला उताणा कशावर करणार? टेबलाची रुंदी तेवढी नसते. ते स्ट्रेचर वाटेत येतं म्हणून वॉर्डबॉय दरवेळी बाहेर ढकलतो, आणि मी दरवेळी परत आणायला लावतो.

पक्षाघाताच्या थ्रॉम्बेक्टॉमीचा (मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी काढण्याचा) प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ती गोष्ट इथे फार शिकवणारी आहे. आधीच्या निरीक्षणात्मक अभ्यासांत पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांचे निकाल वाईट दिसत होते, आणि ‘थ्रॉम्बेक्टॉमीला जीए (जनरल ॲनेस्थेशिया) नको’ असं जवळपास ठरूनच गेलं होतं. मग चिठ्ठ्या टाकून तुलना करणारे अभ्यास झाले. हायडेलबर्गचा सिएस्टा २०१६ मध्ये, १५० रुग्णांचा. गोथेनबर्गचा अॅनस्ट्रोक २०१७ मध्ये, ९० रुग्णांचा. आरहूसचा गोलायथ २०१८ मध्ये, १२८ रुग्णांचा. तिन्हींत पूर्ण भूल गुंगीपेक्षा वाईट ठरली नाही. एकत्र आकडे मांडल्यावर तर तिचं पारडं थोडं जड निघालं. आधीच्या अभ्यासांत झालं होतं असं की जास्त अत्यवस्थ रुग्णालाच पूर्ण भूल मिळत होती आणि देताना रक्तदाब पडू दिला जात होता. नव्या अभ्यासांत भूल ठरलेल्या पद्धतीने, रक्तदाब घट्ट सांभाळून दिली गेली. शिवाय सिएस्टा आणि अॅनस्ट्रोकमध्ये गुंगीच्या गटातल्या साधारण १४ ते १६ टक्के रुग्णांना मधेच पूर्ण भुलीवर न्यावं लागलं. अशी मधेच घाईने, अर्धवट झाकलेल्या रुग्णात टाकावी लागलेली नळी ही सगळ्यात वाईट नळी. माझा निष्कर्ष एवढाच की गुंगी मुळातच सुरक्षित आणि भूल मुळातच धोक्याची, हे गृहीतक सोडून द्यायला हवं.

याच कारणाने पूर्ण भूल म्हणजे दरवेळी मोठं प्रकरण, असंही समजू नका. खोल गुंगीत रुग्णाचा जबडा मला सतत वर धरून ठेवावा लागत असेल, आणि माझे हात फ्लोरोच्या (चालू एक्स-रेच्या) झोतात येत असतील, तर मी पाच मिनिटं बघतो आणि सरळ एलएमए (घशात बसणारा श्वासाचा मास्क) घालतो. मग ती पूर्ण भूल झाली, कागदावरही तसं लिहायचं. वेळेत फरक फार थोडा पडतो आणि सगळ्यांचं लक्ष कामावर राहतं. नाकातून एअरवे घालायचा पर्यायही आहे, पण सिऱ्होसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात. नाकातून रक्त आलं की नवीन संकट.

रुग्ण तपासताना आपल्याकडच्या दोन गोष्टी विशेष बघा. पहिली, तोंड किती उघडतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा, खर्रा, सुपारी खाऊन तोंड दीड बोटावर आलेले रुग्ण रोज येतात, आणि त्यात तिशीतली मुलंही असतात. अशा रुग्णात खोल गुंगी देताना श्वास अडकला तर एलएमए जात नाही, लॅरिंगोस्कोप जात नाही. त्याला एकतर लोकल आणि हलकी गुंगी, नाहीतर ठरवून, फायबरऑप्टिकने (लवचीक दुर्बिणीने) नळी. ‘नुसतीच गुंगी आहे’ म्हणून तोंड न बघता टेबलावर घेतलेला असा रुग्ण हा माझ्या लेखी या खोलीतला सर्वात मोठा धोका. जाड मान आणि रात्री घोरणं याची चौकशी रुग्णाकडे नाही, त्याच्या बायकोकडे करा.

दुसरी गोष्ट उपाशीपोटीची. ‘काही खाल्लं का?’ विचारलं तर उत्तर येतं ‘काही नाही, फक्त चहा घेतला.’ आपला चहा दुधाचा असतो. पाणी किंवा कोरा चहा असेल तर दोन तास पुरतात. दुधाच्या चहाला सहा तास धरायचे, सोबत दोन बिस्किटं असोत वा नसोत. जड, तेलकट जेवणाला आठ. खोल गुंगीत घशाचे रक्षणाचे प्रतिसाद मंदावलेले असतात आणि नळी नसते, म्हणजे उपवासाचे नियम पूर्ण भुलीइतकेच कडक. प्रश्न ‘शेवटचा चहा किती वाजता?’ असा विचारा, उत्तर बरोबर मिळतं.

आता खोली. कॅथलॅबचं टेबल बहुतेक वेळा डोक्याकडे खाली झुकत नाही. उलटी झाली तर रुग्णाला कुशीवर वळवायला माणसं लागतात. सी-आर्म (एक्स-रेचा फिरता हात) डोक्याजवळ येतो आणि मला पायाकडे ढकलतो, म्हणून सलाईनच्या आणि सॅम्पलिंगच्या नळ्या लांब हव्यात. सीटीत तर टेबल आत-बाहेर जातं. औषध सुरू करण्याआधी टेबल एकदा पूर्ण प्रवास करवून बघायचं, कुठली नळी ताणली जाते ते तेव्हाच कळतं. प्रोपोफॉलची नळी शक्यतो कॅन्युलाच्या जवळ जोडायची; लांब नळीत अडकलेलं औषध सिस्टरांनी अँटिबायोटिक देताना एकदम आत जातं. सेंट्रल ऑक्सिजन नसेल तर भरलेले दोन सिलिंडर, आणि त्यातला दुसरा खरंच भरलेला आहे हे चावी फिरवून बघितलेलं. सक्शन चालू करून बघितलेलं. भुलीचं मशीन नसेल तर निदान अँबू बॅग, मास्क, लॅरिंगोस्कोप, नळ्या, एलएमए आणि स्कोलिन (नळी टाकण्यासाठी स्नायू सैल करणारं औषध) हाताशी. यातली एकही वस्तू ‘ओटीतून मागवतो’ या यादीत नको. ओटी दोन मजले वर असते.

आणि कॅपनोग्राफी, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा श्वास थांबला तरी पल्स ऑक्सिमीटर बराच वेळ ९९ दाखवत राहतो. तो पडायला लागतो तोवर तुमच्या हातातला वेळ संपत आलेला असतो. कार्बन डायऑक्साइडची लाट मात्र पहिल्याच चुकलेल्या श्वासाला सपाट होते. अमेरिकन सोसायटीने जुलै २०११ पासून मध्यम आणि खोल गुंगीतही ती सक्तीची केली, आणि माझ्या मते ती नसेल तर खोल गुंगी करूच नये. वेगळी नेझल कॅन्युला मिळत नसेल तर आपली नेहमीची युक्ती करा: ऑक्सिजन मास्कच्या भोकातून १६ नंबरच्या कॅन्युलाची सुई काढलेली नळी आत घालायची, ती नाकापाशी येईल अशी चिकटवायची आणि सॅम्पलिंग लाइन तिला जोडायची. आकडा खरा येणार नाही, ऑक्सिजनने पातळ होतो. लाट येते आहे की नाही, आणि तिचा ताल बदलतो आहे का, एवढंच वाचायचं. चादरीखाली झाकलेल्या, अंधाऱ्या खोलीतल्या रुग्णाची छाती मला दिसत नाही, तेव्हा ती लाटच मला रुग्ण दाखवते.

रक्तदाब अचानक पडला तर सगळे प्रोपोफॉलकडे बोट दाखवतात. कॉन्ट्रास्ट नुकताच दिलेला असेल तर चादर वर करून पोट आणि मांड्यांवरची कातडी बघा. गुंगीतला रुग्ण ‘खाज येते, घसा आवळतो’ असं सांगू शकत नाही; ॲनाफिलॅक्सिसचं (तीव्र ॲलर्जीचं) पहिलं लक्षण मॉनिटरवरच दिसतं. ॲड्रेनालिन अर्धा मिलिग्रॅम मांडीत, लगेच. तसंच ॲब्लेशन किंवा पीटीबीडीनंतर नाडी वाढत राहिली तर गुंगी उतरते आहे असं न मानता, आत रक्तस्राव तर नाही ना हे बघायला सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवा.

नातेवाईकांना मी काय सांगतो तेही लिहितो, कारण संमतीपत्रावर सही त्यांच्यासमोरच होते. ‘यांना आपण झोपवणार आहोत, नळी न टाकता. श्वास यांचा यांनीच घ्यायचा आहे आणि मी डोक्याशी बसून असणार आहे. श्वास कमी पडला किंवा हालचाल जास्त झाली तर मी नळी टाकून पूर्ण भूल देईन, त्यासाठी आत्ताच तुमची परवानगी घेतोय.’ एवढं सांगितलं की पुढे नळी टाकावी लागली तरी त्यांना ते संकट वाटत नाही. भुलीची संमती वेगळ्या कागदावर, त्यात पूर्ण भुलीची शक्यता लिहिलेली. ‘नुसती गुंगी’ हे शब्द आपण डॉक्टरांनीच वापरायचे थांबवले तर बरं.

भूलतज्ज्ञाच्या वेळेचं म्हणाल, तर त्याला प्रत्येक केसला वेगळं बोलावण्यापेक्षा आठवड्यातला एक सकाळचा वेळ ठरवून घ्या. ज्यांना खोल गुंगी किंवा पूर्ण भूल लागणार ते रुग्ण त्या दिवशी एकापाठोपाठ, आदल्या दिवशी तपासून ठेवलेले. बाकीची कामं, पिगटेल (पू किंवा पाणी काढायची नळी), साध्या बायोप्सी, पीआयसीसी (दंडातून टाकायची लांब शिरेची नळी), उत्तम लोकलवर तुमची तुम्ही करा. चार नर्सिंग होममध्ये धावणारा माणूस एका फोनवर येतो तेव्हा घाईत असतो, आणि घाई या कामाला मानवत नाही.

काम संपल्यावर रुग्णाला लगेच वॉर्डात पाठवू नका. खोलीच्या बाहेर एक जागा, ऑक्सिजन, मॉनिटर आणि त्याच्याकडे बघणारी एक सिस्टर, एवढं हवंच. अल्ड्रेट स्कोअर (भुलीतून सावरल्याचे दहापैकी गुण) नऊ किंवा जास्त झाला की वॉर्ड. नॅलॉक्सोन किंवा फ्लुमाझेनिल द्यावं लागलं असेल तर निदान दोन तास थांबवायचं, कारण उताऱ्याचा असर आधी संपतो आणि गुंगी परत चढते. जांघेतून काम झालं असेल तर पाय सरळ ठेवून चार-सहा तास पडून राहायचं असतं. केटामिननंतर बडबडणारा, पाय झाडणारा रुग्ण तिथे मोठा हिमॅटोमा (साकळलेल्या रक्ताची गाठ) करून घेतो, म्हणून अशा रुग्णाच्या पायाशी माणूस बसवा. त्याच दिवशी घरी सोडणार असाल तर सोबत एक जबाबदार माणूस आणि चारचाकी गाडी. दोन माणसांच्या मधे बसवून बाइकवरून नेणं किंवा एसटीने चार तासांचा प्रवास, हे दोन्ही आपल्याकडे सर्रास होतं. गाडीची सोय नसेल तर रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळी सोडा.